काउबॉय, इंडियन आणि ती 'रिकामी' जमीन: वेस्टर्न सिनेमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेस्टर्न म्हणजे नक्की कुठला काळ?

ढोबळमानाने अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं ते १८६५ साल ते १८९०, म्हणजे पंचवीसेक वर्षं. काही पिक्चर आधीच्या काळातले असतात, द रेव्हनंट १८२३ मधला आहे, मीक्स कटऑफ १८४५ मधला, पण टोपी, घोडा, पिस्तूल, धुळीचा रस्ता, सलूनचं झुलतं दार असं जे आपल्या डोळ्यासमोर येतं ते या पंचवीस वर्षांतलं. त्यातल्याही कितीतरी गोष्टी फार थोडा वेळ टिकल्या. टेक्सासमधून गुरांचे कळप हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनपर्यंत न्यायचे, ज्याच्यावर अख्खा काउबॉय उभा आहे, तो धंदा वीसेक वर्षांत आटोपला. घोडेस्वारांकरवी टपाल नेणारी पोनी एक्सप्रेस एप्रिल १८६० मध्ये सुरू झाली आणि टेलिग्राफची तार जोडली गेल्यावर ऑक्टोबर १८६१ मध्ये बंद, दीड वर्ष फक्त. पिक्चर मात्र अजून निघतायत.

शाळेत हे काही शिकवलं नाही, पश्चिम विस्तार म्हणजे काय ते पटकन सांगाल का?

१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा अवाढव्य प्रदेश विकत घेतला, अर्थात कागदावर, तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. १८३० मध्ये पूर्वेकडच्या मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवायचा कायदा झाला आणि १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना सैन्याने घरातून काढून आजच्या ओक्लाहोमाकडे नेलं, हजारो माणसं त्यात मेली. १८४६ ते १८४८ मेक्सिकोशी युद्ध, त्यातून कॅलिफोर्नियासकट प्रचंड मुलूख मिळाला, त्याच सुमाराला तिथे सोनं सापडलं आणि मग लोंढाच सुरू झाला. १८६२ चा होमस्टेड कायदा म्हणजे १६० एकर घ्या, पाच वर्षं राहा, कसा, तुमच्या नावावर करून देतो. या एका कायद्याखाली जवळपास २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. १० मे १८६९ ला युटामध्ये पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली. १८८७ च्या डॉझ कायद्याने मूळ रहिवाशांच्या सामायिक जमिनीचे वैयक्तिक तुकडे पाडले आणि 'उरलेली' जमीन बाहेरच्यांना मोकळी केली, १८८७ ला त्यांच्याकडे साधारण १३ कोटी ८० लाख एकर होते ते १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाखांवर आले. २९ डिसेंबर १८९० ला साउथ डकोटात वूंडेड नी इथे सैन्याने लाकोटा टोळीतले अडीचशे ते तीनशे लोक मारले, त्यात बायका-पोरं भरपूर.

आता या सगळ्यात 'वाटली' हा शब्द आला ना, तिथेच थांबा. वाटायला आली कुठून? पडद्यावर ती जमीन रिकामी दिसते, लांबवर गवत, वर आभाळ, मध्ये एकटा घोडेस्वार. प्रत्यक्षात ती रिकामी नव्हती, रिकामी केली होती. खाली जे काही लिहिलंय ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

'रेड इंडियन' म्हणायचं की नाही?

'रेड' सोडून द्या. 'मूळ रहिवासी', 'नेटिव्ह अमेरिकन' चालतं, तिथले बरेच जण स्वतःला 'इंडियन'ही म्हणवतात, आणि माहीत असेल तर सरळ लाकोटा, नवाहो, ओसेज असं नाव घ्या. इथे पिक्चरमधल्या पात्रांबद्दल बोलताना मी 'इंडियन' लिहितोय कारण तिथे ते पात्र तसंच लिहिलेलं असतं.

पहिला वेस्टर्न कुठला?

उत्तर सगळीकडे एकच मिळेल, १९०३ चा द ग्रेट ट्रेन रॉबरी, बारा मिनिटांच्या आसपासचा, शेवटी एक दरोडेखोर सरळ कॅमेऱ्याकडे बघून गोळी झाडतो तो. शूटिंग झालं न्यू जर्सीकडे, म्हणजे पार पूर्व किनाऱ्याला.

पण माझ्या मते गोष्ट त्याच्या वीस वर्षं आधी सुरू होते. १८८३ मध्ये बफेलो बिल कोडीने 'वाइल्ड वेस्ट' नावाचा फिरता शो काढला, घोडे, गवे, नेमबाजी, टपालगाडीवर हल्ला, सगळं मैदानात लाइव्ह. १८८५ च्या सीझनमध्ये तर त्यात खुद्द सिटिंग बुल होता. म्हणजे लिटल बिगहॉर्नच्या लढाईत १८७६ मध्ये अमेरिकी सेनाधिकारी कस्टरची तुकडी ज्यांनी संपवली त्यांचा पुढारी, आणि नऊ वर्षांनी लोक तिकीट काढून त्याला बघायला येतायत. १८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं, बफेलो बिलने बाहेरच तंबू ठोकला, आणि त्याच वर्षी त्याच शहरात फ्रेडरिक जॅक्सन टर्नर नावाच्या इतिहासकाराने तो प्रसिद्ध निबंध वाचला की सरहद्द आता संपली आणि अमेरिकन माणूस घडला तो त्या सरहद्दीनेच. एकीकडे विद्वान, दुसरीकडे सर्कस, आणि दोघांची गोष्ट बरीचशी सारखीच. पुढे १८९४ मध्ये एडिसनच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत याच शोमधल्या लाकोटा कलाकारांचा नाच कॅमेऱ्यावर घेतला. वूंडेड नीला चार वर्षंसुद्धा झाली नव्हती. हे मला फार विचित्र वाटतं, की रक्त वाळलं नाही तोवर रीळ फिरायला लागलं.

खरंच रस्त्यात समोरासमोर उभं राहून गोळ्या घालायचे का?

जवळपास नाहीच. उलट डॉज सिटी, टूम्बस्टोन असल्या गावांत शहरात हत्यार बाळगायला बंदी होती, आलात की जमा करायचं. टूम्बस्टोनची ओ.के. कोरालची चकमक, २६ ऑक्टोबर १८८१, जिच्यावर माय डार्लिंग क्लेमेंटाइन पासून टूम्बस्टोन पर्यंत ढिगाने पिक्चर आले, ती साधारण अर्ध्या मिनिटात संपली, तीन माणसं मेली, आणि भांडणाचं निमित्तच मुळी ही हत्यारबंदी होतं. पिक्चरमध्ये न्यायासाठीची महालढाई, प्रत्यक्षात नगरपालिकेचा नियम.

यातली मजा पुढे आहे. त्या चकमकीतला वायट अर्प म्हातारा होऊन लॉस एंजेलिसला राहायला गेला, हॉलिवुडच्या सेटवर जाऊन बसायचा, १९२९ मध्ये वारला तेव्हा टॉम मिक्स आणि विल्यम हार्ट हे दोन वेस्टर्न हिरो त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला होते. इतिहासातला माणूस आणि त्याची पडद्यावरची कॉपी एकाच अंत्ययात्रेत. हे कोणी पटकथेत लिहिलं असतं तर जरा अतीच झालं असं म्हणालो असतो आपण.

घोडागाड्यांचा तांडा, गोल रिंगण, भोवती किंचाळणारे इंडियन, हे तरी खरं ना?

गाड्या गोल लावायचे हे खरं, पण मुख्यतः रात्री गुरं पळून जाऊ नयेत म्हणून. आणि गाड्यांना घोडे नाही, बहुतेक वेळा बैल जुंपलेले असायचे, माणसं शेजारून चालत, कारण गाडीत सामान. ओरेगॉनचा रस्ता तीन हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे महिनोन् महिने पायपीट. माणसं मेली ती कॉलऱ्याने, नदी ओलांडताना बुडून, चाकाखाली येऊन, स्वतःचीच बंदूक चुकून सुटून. १८४० ते १८६० या वीस वर्षांत लाखो लोक गेले, त्यात इंडियन लोकांच्या हल्ल्यात मेलेले इतिहासकारांनी मोजले तर साडेतीनशेच्या आसपास, आणि प्रवाशांनी मारलेले इंडियन त्याहून थोडे जास्तच. बऱ्याचदा इंडियन लोकांनीच वाट दाखवली, नदी पार करून दिली, खाणं विकलं. पण हगवणीने मेलेल्या माणसावर क्लायमॅक्स कसा करणार, म्हणून मग बाण.

प्रत्येक पिक्चरमध्ये तेच ते लाल सुळके का दिसतात?

ती मॉन्युमेंट व्हॅली, युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर. हॅरी गोल्डिंग नावाच्या माणसाचं तिथे दुकान होतं, मंदीत धंदा बसलेला, तो १९३८ मध्ये फोटो घेऊन हॉलिवुडला जाऊन थडकला आणि दिग्दर्शक जॉन फोर्डने तिथे स्टेजकोच काढला, १९३९. मग फोर्ड परत परत गेला आणि जगाच्या डोक्यात 'वेस्ट' म्हणजे हेच सुळके बसले, गोष्ट टेक्सासची असली तरी. टेक्सासचा तो भाग सपाट आहे हो.

आणि ती व्हॅली नवाहो लोकांची जमीन आहे, आजही. १८६४ मध्ये सैन्याने नवाहोंना तिथल्या मुलखातून पायी हाकलत न्यू मेक्सिकोत नेऊन डांबलं होतं, १८६८ च्या तहानंतर ते परत येऊ शकले. म्हणजे पळवून लावलेले आणि परत आलेले लोक, त्यांच्याच अंगणात, रोजंदारीवर घोड्यावर बसून कधी अपाची, कधी कोमांची, कधी शायेन बनून कॅमेऱ्यासमोर मरतायत. फोर्डने त्यांना काम दिलं, पैसे दिले, तिथले लोक त्याच्याबद्दल चांगलंही बोलायचे, हेही तितकंच खरं. पण पुढच्या वेळी स्टेजकोच बघाल तेव्हा त्या टेकडीवरच्या घोडेस्वारांकडे जरा नीट बघा, सरदार जेरोनिमो सोडला तर एकालाही नाव नाहीये.

जॉन फोर्ड रेसिस्ट होता का? द सर्चर्स बघावा की नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बघा, नक्की बघा, आणि दोनदा बघा.

१९५६ चा पिक्चर. जॉन वेन म्हणजे ईथन, कोमांचींनी भावाचं कुटुंब मारलं, पुतणीला पळवलं, तो तिला वर्षानुवर्षं शोधत हिंडतो, आणि हळूहळू लक्षात येतं की सोडवायला नाही, ती आता 'त्यांच्यातली' झाली म्हणून तिला मारायला निघालाय. सुरुवातीलाच एक सीन आहे, पुरलेल्या कोमांचीचं प्रेत सापडतं आणि ईथन त्या प्रेताच्या डोळ्यांत गोळ्या घालतो, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे डोळे नसले तर आत्मा भटकत राहतो. म्हणजे या माणसाला त्यांचा धर्म माहितीये, भाषा येते, आणि ते सगळं ज्ञान तो फक्त द्वेषासाठी वापरतो. हिरोला इतकं काळं १९५६ मध्ये कोण दाखवत होतं?

आता दुसरी बाजू. त्याच पिक्चरमध्ये लुक नावाची जाडसर कोमांची बाई आहे, ईथनसोबत हिंडणारा तरुण मार्टिन नकळत तिला 'विकत' घेऊन बसतो आणि ती बायको म्हणून मागे मागे येते, रात्री शेजारी येऊन झोपते तर तो लाथ मारून तिला उतारावरून गडगडत खाली पाडतो. सीन कॉमेडी म्हणून घेतलाय, थिएटर हसावं म्हणून. थोड्या वेळाने सैन्याने जाळलेलं एक गाव लागतं आणि एका तंबूत तीच लुक मेलेली सापडते. मार्टिन विचारतो की सैनिकांनी हिला का मारलं, हिने कोणाचं काय वाकडं केलं होतं. फोर्डने आधी आपल्याला हसवलं मुद्दाम, की हसवलं सहज आणि नंतर त्याला स्वतःलाच ते बोचलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण 'रेसिस्ट होता, सोडा' किंवा 'त्या काळचा माणूस होता, सोडा' या दोन्हींत हा सीन बसत नाही.

आणि हो, कोमांचींचा सरदार स्कार, जो आपले दोन मुलगे गोऱ्यांनी मारले म्हणून सूड घेतोय, त्याची भूमिका केलीये जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने. निळे डोळे.

इंडियन भूमिका गोरेच का करायचे?

स्टुडिओला स्टार हवा, आणि स्टार गोरा. मागे गर्दीत खरे लोक, पुढे क्लोजअपमध्ये रंग फासलेला नट. फोर्डने १९६४ मध्ये शायेन ऑटम काढला, म्हटलं तर प्रायश्चित्त, शायेन लोकांना रिझर्व्हेशनवरून, म्हणजे सरकारने नेमून दिलेल्या जागेवरून, पळून घरी जायचंय अशी त्यांच्या बाजूची गोष्ट, पण मुख्य शायेन झाले रिकार्डो मॉन्टलबान, गिल्बर्ट रोलंड आणि साल मिनेओ. १९७१ ची ती प्रसिद्ध जाहिरात, कचरा बघून रडणारा इंडियन, तो आयर्न आइज कोडी इटालियन आईबापांचा मुलगा होता. १९७३ च्या ऑस्करला मार्लन ब्रँडोने पुरस्कार नाकारला, त्याच्या वतीने सशीन लिटलफेदर स्टेजवर आली आणि सिनेमात मूळ रहिवाशांना कसं वागवतात ते बोलली, लोकांनी टाळ्याही वाजवल्या आणि हुर्योही केली. नंतर तिच्या स्वतःच्या वंशाबद्दलही वाद झाला, ते वेगळं रामायण.

माझे बाबा जॉन वेनचे फॅन आहेत, त्यांच्यासमोर काय बोलू?

काही बोलू नका, सोबत बसून बघा. रिओ ब्राव्हो लावा, मजा येते. फक्त हे माहीत असू द्या की तो पिक्चर १९५९ मध्ये हाय नूनला उत्तर म्हणून काढला होता. हाय नून १९५२ चा, एकट्या पडलेल्या मार्शलची गोष्ट, लिहिणारा कार्ल फोरमन तेव्हा कम्युनिस्ट ठरवून काळ्या यादीत टाकला जात होता, आणि गावातले सगळे ऐनवेळी तोंड फिरवतात हे त्याने कुठून घेतलं ते उघड आहे. वेनला तो पिक्चर अजिबात आवडला नव्हता. आणि १९७१ च्या एका मुलाखतीत वेन सरळ म्हणाला होता की ही जमीन घेतली त्यात आमचं काही चुकलं नाही, लोकांना जमीन हवी होती आणि इंडियन ती स्वार्थीपणे स्वतःकडेच ठेवू बघत होते. घ्या.

म्हणजे पिक्चर त्या काळापेक्षा तो बनला त्या वर्षाबद्दल जास्त सांगतो का?

बऱ्याचदा. एकट्या कस्टरचं बघा. १९४१ च्या दे डाइड विथ देअर बूट्स ऑन मध्ये एरॉल फ्लिन, रुबाबदार, शूर, देशासाठी मरणारा, तेव्हा युद्ध दारात होतं. १९७० च्या लिटल बिग मॅन मध्ये तोच कस्टर भ्रमिष्ट आणि अहंकारी, कारण व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी सैन्याने केलेल्या कत्तलीच्या बातम्या नुकत्याच आलेल्या आणि व्हिएतनाममधून रोज प्रेतं येत होती. त्याच वर्षीचा सोल्जर ब्लू १८६४ च्या सँड क्रीक हत्याकांडावर बेतलाय, शेवट इतका रक्तबंबाळ की बघवत नाही, आणि तो व्हिएतनामबद्दल आहे हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. अडचण एवढीच की या नियमाने मूळ रहिवासी परत परत कशाचं तरी प्रतीक होतात, आधी शत्रू, मग व्हिएतनामी, मग पर्यावरण. स्वतः माणूस म्हणून त्यांचा नंबर शेवटी लागतो.

इटालियन लोकांनी वेस्टर्न कसे काय काढले? आणि शोले?

सर्जिओ लिओनेने स्पेनमधल्या अल्मेरियाच्या वाळवंटात शूट केलं, स्वस्त पडायचं. १९६४ चा अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स हा जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या योजिंबो या पिक्चरवरून उचललेला, त्यावरून भांडण झालं आणि पैसे देऊन मिटलं. लिओनेने सद्गुणी शेरीफचा मुखवटा टराटरा फाडला, त्याच्या जगात सगळे पैशासाठी. पण एक गंमत बघा, डॉलर्सच्या तिन्ही पिक्चरमध्ये मूळ रहिवासी जवळपास नाहीतच. जमीन पुन्हा रिकामी, आता तर स्पेनची. १९६८ च्या वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट मध्ये मात्र तो मुद्द्यावर येतो, रेल्वे कुठून जाणार, पाणी कोणाच्या जमिनीत, त्यासाठी अख्खं कुटुंब गोळ्या घालून संपवतात, आणि पॅसिफिक समुद्र बघायचं स्वप्न घेऊन निघालेला रेल्वेमालक शेवटी एका चिखलाच्या डबक्याशी सरपटत मरतो.

ते कुटुंबाचं हत्याकांड आठवलं ना कुठे बघितलंय? ठाकूरचं घर. शोलेने (१९७५) लिओने आणि कुरोसावा दोघांकडून भरपूर घेतलं. रामगड कर्नाटकातल्या रामनगराजवळचं, पण मालगाडीवरची ती मारामारी आपल्याकडची, पनवेलच्या बाजूची. पश्चिम विस्ताराशी शोलेचा काही संबंध नाही म्हणा, तिथे डाकू आहेत, जमीन बळकावणारा कोणी नाही. पोशाख आला, प्रश्न राहिला तिकडेच.

मॅकेनाज गोल्ड आपल्याकडे एवढा का चालला?

अमेरिकेत १९६९ मध्ये आपटला, आपल्याकडे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत राहिला, आधीच्या पिढीतल्या कोणाही काकांना विचारा, पहिला इंग्लिश पिक्चर कुठला तर हाच. कारणं सोपी आहेत: संवाद कळले नाहीत तरी चालतं, सोनं कळतं, नकाशा कळतो, घोडे कळतात, शेवटी अख्खा डोंगर कोसळतो, आणि ग्रेगरी पेक सोबत ओमर शरीफ. बाकी बघायला गेलं तर हेश-के ही अपाची मुलगी केलीये ज्युली न्यूमारने, गोरी अमेरिकन, आणि अपाचींची पवित्र दरी म्हणजे लुटायला ठेवलेली तिजोरी. सकाळच्या उन्हात ज्याची सावली लांबत जाते तो सुळका मात्र खरा आहे, स्पायडर रॉक, कॅनियन डी शे मध्ये, नवाहोंच्याच मुलखात.

डान्सेस विथ वुल्व्हज तरी चांगला ना? सात ऑस्कर आहेत.

१९९० चा. चांगला आहे आणि त्याने बरंच बदललं. लाकोटा पात्रं लाकोटा भाषेत बोलतात, खाली सबटायटल्स, विनोद करतात, वाद घालतात, नवराबायको कुजबुजतात. गव्यांच्या शिकारीचा सीन आजही अंगावर येतो, आणि त्याआधी सोलून टाकलेले गवे माळावर पडलेत तो सीन जास्त. एकेकाळी कोट्यवधी होते ते गवे, १८८९ पर्यंत हजाराच्या आसपास उरले, कातडी आणि रेल्वे आणि उपाशी पाडायचं धोरण यांनी मिळून.

पण गोष्ट गोऱ्या लेफ्टनंटची. प्रेमसुद्धा टोळीत वाढलेल्या गोऱ्या बाईशीच. आणि खलनायक हवेत म्हणून पॉनी लोकांना रानटी केलं, प्रत्यक्षात त्या काळात लाकोटाच जास्त ताकदवान होते आणि पॉनी त्यांच्यामुळे जेरीला आले होते. चांगले इंडियन, वाईट इंडियन ही जुनीच वाटणी.

काळे, चिनी, मेक्सिकन लोक कुठे गेले?

होते की, फ्रेमच्या बाहेर उभे. काउबॉयमध्ये दर चारात एक काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि कामाची पद्धत, खोगीर, दोर टाकायची कला हे सगळं मेक्सिकन व्हाकेरोंकडून, म्हणजे गुराख्यांकडून, आलेलं. गुलाम म्हणून जन्मलेला बास रीव्ह्ज १८७५ पासून इंडियन टेरिटरीत (आजचं ओक्लाहोमा) डेप्युटी मार्शल होता, त्याच्यावर सिरीज आली २०२३ मध्ये. सिडनी पॉइटियेने १९७२ मध्येच बक अँड द प्रीचर काढला होता, शोधून बघा. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे बोगदे फोडणारे दहा हजारांवर चिनी मजूर होते, पण १८६९ च्या त्या रेल्वे जोडल्याच्या प्रसिद्ध फोटोत ते दिसत नाहीत, आणि १८८२ मध्ये त्यांच्या येण्यावरच बंदी आली.

बायकांच्या नजरेतून काही?

मीक्स कटऑफ, २०१०, केली रायकार्ट. फ्रेम मुद्दाम चौकोनी ठेवलीये, म्हणजे बाजूचं क्षितिज दिसत नाही, टोपडं घातलेल्या बाईला जेवढं दिसेल तेवढंच. पुरुष लांब उभे राहून रस्ता ठरवतात, त्यांचं बोलणं अर्धवट ऐकू येतं, बायका सरपण गोळा करतात. पकडलेला कायूस टोळीतला माणूस बोलतो त्याला सबटायटल नाही. पाणी संपत आलंय आणि तो वाट दाखवतोय की फसवतोय हे त्यांनाही कळत नाही, आपल्यालाही नाही. संथ आहे, झोप येऊ शकते, चहा घेऊन बसा.

किलर्स ऑफ द फ्लॉवर मून हा वेस्टर्न आहे का? त्यात तर मोटारी आहेत.

माझ्या हिशोबाने तो वेस्टर्नचा शेवटचा हप्ता आहे. १९३१ मध्ये सिमरॉन नावाच्या पिक्चरला ऑस्कर मिळालं होतं, सुरुवातीलाच १८८९ ची ओक्लाहोमाची जमिनीसाठीची शर्यत, बंदुकीचा बार होतो आणि हजारो गाड्या-घोडे उधळतात, जो आधी खुंटी ठोकेल त्याची जमीन. थरारक घेतलीये. १९९२ च्या फार अँड अवे मध्ये टॉम क्रूझ अशाच दुसऱ्या शर्यतीत, १८९३ च्या. दोन्हीकडे कॅमेरा धावणाऱ्यांसोबत, ज्यांची जमीन होती ते कुठेत हा प्रश्न धुळीत. आणि सिमरॉनमधल्या काल्पनिक गावाचं नाव काय? ओसेज.

खऱ्या ओसेज लोकांना कॅन्ससमधून निघावं लागलं, १८७० च्या दशकात त्यांनी ओक्लाहोमात खडकाळ जमीन पैसे देऊन विकत घेतली. खाली तेल निघालं. १९०६ च्या कायद्यात खनिजाचे हक्क टोळीकडे राहिले होते, त्यामुळे १९२० च्या दशकात ओसेज माणसं प्रचंड श्रीमंत. मग त्यांच्यावर गोरे 'पालक' नेमले, पैसे खर्चायला त्यांची परवानगी, आणि मग लग्न करून, विष घालून, गोळी घालून, घर उडवून वारसा बळकावायचा. स्कॉर्सेसीच्या २०२३ च्या पिक्चरमध्ये हे खून करणारे धूर्त खलनायक नाहीत, घरात पोरांना खेळवणारा नवरा आहे, रोज बायकोला इंजेक्शन देणारा. ती बायको, मॉली, झालेल्या लिली ग्लॅडस्टोनचे डोळे बघा त्या सीनमध्ये, तिला कळतंय आणि तरी हात पुढे करते.

शेवट विशेष आहे. सगळं संपल्यावर अचानक एक रेडिओ शो सुरू होतो, आवाजांचे खेळ करणारे नट, सिगारेटची जाहिरात, ओसेज खून म्हणजे करमणूक. आणि स्कॉर्सेसी स्वतः माइकपुढे येऊन मॉलीची मृत्युवार्ता वाचतो, त्यात खुनांचा उल्लेख नव्हता एवढं सांगतो. दिग्दर्शक आपणही त्या शोवाल्यांच्याच रांगेत आहोत हे उघड मान्य करतोय. तरी पिक्चरवर काम केलेल्या एका ओसेज भाषातज्ज्ञाने म्हटलं होतं की ही गोष्ट मॉलीच्या बाजूने हवी होती, आणि ते करायला ओसेज माणूसच लागेल. ते मला पटतं.

यलोस्टोन आणि '१८८३' या सिरीज बघून इतिहास कळेल का?

घोडे कळतील, दऱ्या कळतील, इतिहास बेताचाच. '१८८३' या सिरीजमध्ये टेक्सासहून तांडा गाड्यांनी निघून मोंटानात पोचतो, पण त्याच १८८३ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे मोंटानात जोडली गेली, थोडं थांबले असते तर बराचसा प्रवास तिकीट काढून झाला असता. यलोस्टोनचा सगळा जीव 'आमची जमीन, आम्ही सोडणार नाही' यात आहे, आणि टोळीप्रमुख रेनवॉटर हे पात्र अधूनमधून आठवण करून देतं की बाबा, ही आधी कोणाची. बरं, यलोस्टोनमधल्या डटन कुटुंबाचं रँच म्हणून जे दिसतं ते डार्बी गावाजवळचं चीफ जोसेफ रँच, १८७७ मध्ये सैन्याला चुकवत पळणाऱ्या नेझ पर्स लोकांच्या पुढाऱ्याचं नाव. आणि ती बिटररूटची दरी सॅलिश लोकांची, त्यांना १८९१ मध्ये तिथून काढलं. सिरीजपेक्षा लोकेशनची गोष्ट भारी आहे.

मूळ रहिवाशांनी स्वतः काढलेलं काय बघू?

स्मोक सिग्नल्स, १९९८, ख्रिस आयरचा. दोन पोरं बसने बापाच्या अस्थी आणायला जातात, एवढीच गोष्ट. त्यात टीव्हीवर वेस्टर्न लागलेला असतो आणि एक जण म्हणतो की टीव्हीवरच्या इंडियनपेक्षा केविलवाणं काय असेल तर टीव्हीवरचे इंडियन बघणारे इंडियन. मग रिझर्व्हेशन डॉग्ज, २०२१ ते २०२३, ओक्लाहोमातली चार टवाळ पोरं. त्यात एक योद्ध्याचा आत्मा प्रकट होतो, घोड्यावर, पिसं लावून, सांगतो मी लिटल बिगहॉर्नला होतो, आणि मग कबूल करतो की लढलो असं नाही, घोड्याचा पाय बिळात गेला आणि तो माझ्यावर पडला. शंभर वर्षांचे पिक्चर या एका जोकमध्ये निकालात. प्रे (२०२२) दिग्दर्शक बाहेरचा आहे, पण पूर्ण कोमांची डबिंगमध्ये बघता येतो, तसाच बघा.

सुरुवात कुठून करू?

कंटाळा येऊ नये असा क्रम: स्टेजकोच, मग द सर्चर्स, मग वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट, मग १९९२ चा अनफरगिव्हन, ज्यात माणूस मारणं किती घाणेरडं आणि कष्टाचं काम असतं ते दिसतं. मग स्मोक सिग्नल्स, आणि मग किलर्स, साडेतीन तास आहे, मध्ये जेवून घ्या. लहान पोरांना द सर्चर्स आणि सोल्जर ब्लू नको. मॅकेनाज गोल्ड कधीही, कोणासोबतही. हेवन्स गेट मात्र इतक्यात लावू नका, जॉन्सन काउंटीतल्या मोठ्या गुरंमालकांनी गरीब वसाहतवाल्यांना मारायला भाडोत्री माणसं आणली ती गोष्ट, दिसायला देखणा, पण त्याने काढणाऱ्या स्टुडिओचं दिवाळं वाजवलं आणि पूर्ण बघायला तुमचाही अख्खा रविवार जातो.